मानशीवरचा कंदील

चोडणात आम्ही बापाला पाय म्हणतो.
माझा पाय मानशीचा राखणदार :
भरतीला दारं लावायची, ओहोटीला उघडायची,
खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही.
बोलायचा कमी. जेवताना तर नाहीच.

रविवारच्या दोतोर्नीत सिस्टर बेनेदिता म्हणाली,
देव बाप आहे, सगळं बघतो.
मी घाबरून वहीचं पान दुमडलं.

सतराव्या वर्षी, मानशीच्या पावणीसाठी ठेवलेले
त्याचे पैसे घेऊन पळालो.
वास्कोत सहा महिने पुरले.

शेवटच्या फेरीबोटीतून उतरलो
तर बांधावर कंदील.
वाटलं, भरती असणार.
चिखलात घसरत, वाक्यं जुळवत गेलो.
त्याने एकही ऐकलं नाही.
कंदील माझ्या पावलांशी धरला :
"जपून. इथला दगड सुटलाय.
पेज झाकून ठेवलीय."

त्याच्या महिन्याच्या मिशेला
सगळ्यांबरोबर म्हणत होतो, हे आमच्या पित्या,
आणि तिथेच अडलो.

मानशीची दारं त्या रात्री उघडी होती.
पाणी मांडवीकडे चाललं होतं, खळखळत.
ओहोटी.
राखायचं काहीच नव्हतं.

म्हणजे किती रात्री?