दोन ते आठ

सकाळी नऊ, दुपारी चार.
फ्रिजच्या दाराला सुतळीने बांधलेलं पेन.
तक्त्यावर आकडा लिहिते: चार. पाच. साडेचार.
लशीला दोन ते आठ अंश लागतात,
बारा महिने, रविवारीसुद्धा.
वर्षाचे तक्ते एकावर एक ठेवले
तर एकच महिना बारा वेळा उतरवल्यासारखे दिसतात.

बाहेरचा आकडा कुणी मागत नाही.
तो मी समासात लिहिते, पेन्सिलीने,
व्हरांड्यात खिळ्याला टांगलेल्या नळीवरून,
तुर्भ्याला बदली झाली तेव्हापासून.

मार्च लबाड.
सकाळी एकवीस, बाया पोरांना टोपरी घालून आणतात,
आणि दुपारी वारा डोंगराकडून सुटला की अडतीस,
एकदा चाळिसावर एक रेघ.
एप्रिलात खाडीचा वारा लवकर पोचतो.
आकडा उतरतो. तेहतीस, चौतीस.
पण ब्लाउज पाठीला चिकटतो तो सुटत नाही,
आणि वरचे साहेब म्हणतात, यंदा उन्हाळा बरा आहे.
मे महिन्यात नळीतली लाल रेघ
दिवसाही तिथेच, रात्रीही जवळपास तिथेच,
कंटाळून बसलेल्या माणसासारखी.

त्याच मे महिन्यात शेवंता राठोड आली,
दोन महिन्यांचं पोर घेऊन, खदाणीखालच्या पत्र्याच्या खोल्यांतून.
रात्रभर रडतंय म्हणाली.
मी काखेत थर्मामीटर लावला. ताप नव्हता.
"नाही?" ती म्हणाली. "मग खोलीला असेल."

मी खिळ्यावरची नळी काढून तिच्या हातात दिली.
नियमात बसत नाही. दमयंती मावशींनी बघितलं,
आणि बघितलं नाही.
म्हणून त्या दिवशी चारचा समास कोरा आहे.

सकाळी ती नळी पदरात गुंडाळून परत आली.
तिला आकडे वाचता येत नाहीत.
लाल रेघ जिथवर चढली होती
तिथे तिने काचेवर कपाळाची टिकली लावली होती.
किती वाजता? विचारलं.
कंपनीची दुसरी पाळी सुटते ना, तेव्हा.
सदतीस.
धडधाकट माणसाच्या अंगाचा आकडा.
म्हणजे खोली तशी ठणठणीत होती.

लशीच्या बाटलीवर एक बारीक चौकोन असतो.
उष्णता सोसत गेली की तो गडद होत जातो,
भोवतीच्या वर्तुळाएवढा झाला की बाटली बाद,
कुणी चर्चा करत नाही.
मी पोराच्या कपाळाकडे बघत राहिले.
तिथे काजळाची तीट होती, फक्त.

मग चार महिने समास ओलसर.
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
पेन्सिलीचे आकडे कागदात पसरत गेलेले.
ऑक्टोबरात वीज गेली, पावणेतीन तास.
बर्फाच्या पिशव्या भरताना मावशींनी देवाला आणि महावितरणला
एकाच दमात हाक मारली.
आत सात झाले होते. साडेसात.
बाहेर लाल रेघ टिकलीला खालून टेकलेली.
वरून तीनदा फोन आला, आतलं विचारायला.

टिकली मी काढली नाही.
पुसायला गेलेल्या नव्या पोरीला म्हटलं, राहू दे.

जानेवारीत शेवंता आली, गोवराच्या सुईला.
सकाळ, सतरा अंश.
पोर आता कडेवर ताठ बसतं.
त्याने नळी बघितली आणि हात लांब करून
टिकली नखाने खरवडायला लागलं.
"उतरलं की गं," ती लाल रेघेकडे बघून म्हणाली.
उतरलं, म्हटलं.
मार्चला सात आठवडे होते.

मी त्याचा तोच हात धरला.
तो रडला, मोठ्याने, सरळ कारणासाठी.
मग दाराकडे वळले,
सुतळीचं पेन ओढलं, लिहिलं: चार.