अक्षरामागे दोन पेनी

लेडी थिओडोसियाचं पत्र आलंय लंडनहून.
भावाच्या थडग्यावर काय कोरायचं, तो मजकूर.
लॅटिनमध्ये. चारशे बारा अक्षरं.
सोबत दोन पौंड.
माझा दर अक्षरामागे दोन पेनी,
म्हणजे एकशे बहात्तर अक्षरं मलाच गाळायची आहेत.

मला लॅटिन येत नाही.
पाद्री टिमविल बोट ठेवून अर्थ सांगतात.
'ज्याच्या वाणीने सभा स्तब्ध होई'
हे गाळू, मी म्हणतो.
पाद्री खोकतात.

पेरेग्रिन व्हॉलस्टन, अर्लचा सगळ्यात धाकटा भाऊ.
थोरल्याला जमीन, मधल्याला पलटण,
आणि याला आमचं थॉर्नविक,
जेवणं उरकल्यावर ताटात राहिलेली फोड
कुणाला तरी द्यावी तसं.

आमच्याकडे मत त्यालाच, ज्याची स्वतःची चूल.
निम्मं गाव समुद्राने खाल्लं, चुली उरल्या अकरा.
त्या अकरा चुलींनी एकतीस वर्षं त्याला पार्लमेंटात धाडलं.
निवडणूक आली की घरटी दोन गिनी,
डुकराची एक खारवलेली मांडी,
बायकोच्या टोपीला रिबन.
माझा बाप त्याला मिस्टर हॅम म्हणायचा,
आणि मत द्यायला जाताना दाढी करायचा.

तो यायचा मे महिन्यात.
वाऱ्याने त्याच्या विगवरची पावडर उडून
कोळणींच्या टोपल्यांवर बसायची.
हात मिळवताना हातमोजा काढायचा, एवढं खरं.
अर्लने कधी काढला नाही.

सभागृहात बोलला एकदाच, मिठावरच्या कराबद्दल.
आमची हेरिंग पिंपांत सडत होती,
मीठ माशाहून महाग झालं होतं.
भाषण म्हणे नऊ वर्षं लिहीत होता.
खिशात बाळगून घड्यांवरचे शब्द पुसले गेले,
तिथे त्याने नवे घातले, तेही पुसले.
पाळी आली ती ऐन जेवणाच्या वेळी.
बाकांवर सतरा माणसं, काही घोरणारी.
वर्तमानपत्रात एक ओळ आली:
'एक सदस्य मिठाविषयी बोलले. ऐकू आले नाही.'
त्याच वर्षी कर वाढला.

आणि गुलामांच्या जहाजांवर मतदान होतं,
त्या रात्री त्याच्या पायाचा अंगठा सुजला.
बायकोच्या हुंड्यात जमैकातले उसाचे मळे होते.
दुसऱ्या दिवशी बाथच्या रस्त्यावर
माझ्या मेव्हण्याने त्याला घोड्यावर पाहिलं,
दोन्ही पाय रिकिबीत.
याचे पैसे पत्रात नाहीत.

'तू त्याचं मीठ खाल्लंयस, जोसाया,' पाद्री म्हणतात.
खाल्लं. मांडीला चोळलेलं, बोटभर जाड.
त्यावरचा कर कुणी भरला होता
ते मात्र बापाने कधी विचारलं नाही,
मीही नाही, आणि मांडी चविष्ट होती.

मग काय, नाव कोरतोय.
जन्म, मृत्यू, थॉर्नविकचा प्रतिनिधी.
'हातमोजा काढत असे' याचं लॅटिन विचारलं,
पाद्री हसले, मग बघू म्हणाले.
समुद्र दरसाल दोन हात पुढे सरकतो.
चर्चची भिंत राहिलीय चाळीस हातांवर.

पहिलं अक्षर नीट आलं.
दुसरं जरासं कललं,
दगडात शिंपला निघाला.