चार बाजूंनी

फेब्रुवारीत बेटाचं पत्र आलं.
गुर्रम शेठनी ते आधी मोठ्यानं वाचलं, मग हळू,
मग चष्मा काढून टेबलावर उपडा ठेवला.

बेटाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
चिप्पा मास्तरनी पोराच्या नकाशात दाखवलं:
निळ्यात सांडलेले साबुदाण्याचे चार दाणे.
तिथं कापूस नाही, माग नाही,
चारी बाजूंनी समुद्र, आणि मीठसुद्धा म्हणे बोटीनं येतं.
म्हणून तिथल्या सरकारनं यादी केली.
बाहेरून येणाऱ्या चाळीस जिनसा,
सरकार सांगेल तोच भाव.
तांदूळ. साबण. बाळाची दूध पावडर.
एकतिसावा नंबर: टॉवेल, सुती, अंघोळीचा.
किंमत लेबलावर छापायची,
आणि लेबल इथंच शिवायचं, अक्कलकोट रोडला,
माल गाडीत चढायच्या आधी.

शेठ काही वाईट माणूस नाही.
त्यांनी हिशेब समुद्राकडून सुरू केला:
तिथल्या दुकानदाराचं एवढं, बोटीचं एवढं,
बंदरातल्या सही-शिक्क्यांचं एवढं,
सूत (सूत कुणाचं ऐकत नाही, ते सोडून द्या),
वीज, रंग, कांजी.
मग रेघ मारली.
रेघेखाली आम्ही होतो.

पाचशे ग्रॅमचा टॉवेल चारशे चाळीसवर आला.
शिवणीला डझनामागं अकरा रुपये होते, ते साडेनऊ.
"बेट म्हणतंय," शेठ म्हणाले,
जसं काय बेट बाहेर चपला काढून उभं होतं.

बुर्रा नरसम्मा भडकली.
"कुठाय ते सरकार? मोर्चा न्यायचा कुठं?
कलेक्टरला सांगू, साहेब, आधी बोटीचं भाडं द्या?"
सगळ्या हसल्या. मशिनी चालूच होत्या.

मला मात्र डबा आठवला.

पत्र्याचा, पिवळा, वर ताडासारखं झाड काढलेला.
सत्त्याऐंशी साली कंट्रोलवर पामतेल मिळायचं, मलेशियाचं.
अम्मा विड्यांचं सूप बाजूला सारून
साखर पेठेत पहाटे नंबर लावायची.
दुकानदारानं आठ आणे जास्त मागितले
की बोलायची नाही,
तंबाखूनं पिवळं झालेलं बोट फळ्यावरच्या आकड्यावर ठेवायची.
वाचता येत नव्हतं तिला.
आकड्याचं वळण तेवढं ओळखीचं.
बोट तिथंच, तो नीट माप घालेपर्यंत.

त्या उगादीला आम्ही पाचही भावंडांनी
पुऱ्या खाल्ल्या, हात कोपरापर्यंत तेलकट.
सरकार देव आहे, अम्मा म्हणाली होती.
त्या झाडांखाली तेव्हा कोण होतं,
कुणाच्या टोपलीमागं किती पैसे कमी केले,
कुणाच्या शेठनी कुठं रेघ मारली,
हे विचारायचं तेव्हा कुणाला सुचणार?
तोंडात पुरी होती.
डबा अजून घरात आहे. ज्वारीचं पीठ असतं त्यात.

आता लेबलांचं बंडल माझ्या मांडीवर.
अक्षरं त्यांची, किड्यामुंग्यांसारखी उलटसुलट,
आकडा तेवढा आपल्यासारखा.
तेवढ्याला तिथं टॉवेल मिळणार.
तेवढ्याला मी इथं किती डझन शिवायचे,
ते मी बोटांवर मोजलं एकदा. परत मोजलं नाही.

दीड रुपया गेला तो गेलाच.
दिवसाला चाळीस डझन, म्हणजे साठ रुपये,
म्हणजे राजेश्वरीच्या क्लासची निम्मी फी महिन्याअखेर कुठून आणू,
हा राग काही साबुदाण्याएवढा नाही.

पण लेबलाला दोन बाजूंनी टाके पुरे, असं मास्तर सांगतात,
आणि मी चारही बाजूंनी घालते.
दोन बाजूंचं लेबल नखानं उसवतं.
तिथला दुकानदारही दुकानदारच असणार.
आणि कुणीतरी बाई, बोलता न येणारी,
ओलं पोर काखेत घेऊन,
त्या आकड्यावर बोट ठेवून उभी राहील.

डझनाला तीन मिनिटं जास्त जातात.
"नागमणी, दोन बाजू!" मास्तर पलीकडून ओरडतात.
हो, म्हणते,
आणि बॉबिन बदलायला घेते.