मापवही

वाळपईच्या बाजारात, कदंब स्टँडच्या मागे
माझं दुकान. एक मशीन, दोन स्टुलं
आणि खिळ्याला टांगलेली मापवही.
अख्ख्या हायस्कूलचे खांदे तिच्यात आहेत,
कमरा, बाह्या,
कोणाची मुलगी वर्षात किती वाढली ते.
डोक्याचं माप मात्र मी कधी घेतलं नव्हतं.
यंदा त्यासाठीच मला सभेला बोलावलं.

पंख्याखाली पालकांच्या तीन रांगा.
प्रियोळकर सर म्हणाले, गणवेश म्हणजे सगळे सारखे.
त्यांच्या कपाळावरचं गंध अजून ओलं होतं.
सिस्टर इफिजेनिया काहीच बोलल्या नाहीत,
आपल्या शिरोवस्त्राची कड
बोटांनी सारखी करत राहिल्या.
कोणी शेजारच्या राज्याचं नाव घेतलं, कोणी कोर्टाचं.
मागून आवाज आला, आज डोकं झाकतील, उद्या तोंड.
इस्माईल बेपारी उठला. आपल्या आजोबांनी
या शाळेच्या पायाचे चिरे वाहिले, असं काहीतरी
सांगणार होता बहुतेक.
‘पायाचे’पर्यंतच पोचला.

रिटायर झालेले मास्तर म्हणाले,
जुन्या काबिजादीत एकदा धोतरावरही बंदी आली होती,
पाद्रींच्या हुकमानं.
‘ते वेगळं’, तीन बाजूंनी एकदम उत्तर आलं,
तीन वेगवेगळ्या कारणांसाठी.

मग मला विचारलं, तू सांग गो, कापड किती लागतं?
सव्वा मीटर, मी म्हटलं. ओढणीच्या थानातलंच निघेल.
सव्वा मीटर, त्यांनी लिहून घेतलं.
निर्णय पुढच्या सभेत.

मी हे नाही सांगितलं, की माझाही पदर
सासरे असेपर्यंत, सोळा वर्षं,
डोक्यावरून खाली आला नव्हता.
आणि ते गेले त्या दिवशी मी तो खाली घेतला
की आपोआप घसरला,
हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

सोमवारी मुबीना आली. नववीत गेली, दीड इंच वाढली.
तोंडात पिन धरून निळा स्कार्फ सारखा करत होती.
मी टेप हातात घेऊन घुटमळले.
विचारू का, आई सांगते म्हणून, की तुलाच...
पिन जागेवर लावून ती म्हणाली,
मावशी, कुर्त्याला खिसा लावाल?

खिसा?

मुलग्यांच्या पँटीला दोन असतात. आम्हाला एकही नाही.
बसचे पैसे मी मुठीत धरते,
होंडा येईपर्यंत हाताला नाण्यांचा वास येतो.
महिनाभर सगळे माझ्या डोक्याबद्दल बोलतायत,
खिशाचं कोणी काढलंच नाही.

मंजूर नमुन्यात खिसा नाही गो, मी म्हटलं.
तिनं माझ्याकडे बघितलं. मग मशीनकडे.

उजव्या शिवणीत, आतल्या बाजूनं,
बाहेरून कळणार नाही असा
चार बोटांचा खिसा घातला.
दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शांभवी गावस आली.
तिलाही हवा होता, पण डावीकडे.

शनिवारी पुन्हा सभा आहे.
येताना मापवही आणा म्हणाले.
मुबीनाच्या पानावर ‘डोकं’ असं लिहून
पुढची जागा मी मोकळी ठेवलीय.
त्याखाली लिहिलंय: खिसा, उजवीकडे, चार बोटं.
ती शाई वाळली आहे.