एक कट्टा, वर पाच

सिव्हिलमधून आणलेल्या तीस गोळ्या
व्यंकव्वा बिडीच्या हातानं मोजते:
एक कट्टा, वर पाच.

रिपोर्टवर लिहिलंय, विषाणू आढळत नाही.
"म्हणजे गेला?"
गेला नाही गं. दबून बसलाय.
मी गोळ्या चुकवल्या की उठेल.
नाही चुकवल्या
तर माझ्यातून तुझ्यात यायला त्याला वाट नाही.
मॅडमनी दोनदा सांगितलं,
मी तिसऱ्यांदा विचारलं.

सहा वर्षं साखर पेठेतल्या या खोलीत
दोन चादरी. दोन्ही मीच विणलेल्या.
पौषातही म्हणायचो, उकडतंय,
तू तिकडं झोप.

नऊ वाजले. शेजारचे माग चालूच.
मी उठायच्या आत तिनं तांब्या पुढं केला,
एका चादरीची घडी घालून
ट्रंकेत टाकली.

आज खरंच उकडत होतं.