पश्मी की जोनांगी

गेले दोन महिने आमच्या ऐरोलीच्या घरात
दोन कुत्री आहेत, आणि एकही नाही.

एक उदगीरकडचं, पश्मी.
कानांना झालर, शेपटाला झालर,
पायांमागे लोंबते केस, जणू घाईत नेसलेल्या
लुगड्याचा सुटलेला काठ.
बिरादारांनी पाठवलेल्या व्हिडिओत ते तुरीतून निघतं
आणि पुढं नुसती तूर दिसते,
कारण मोबाईल वळेपर्यंत ते उरलेलंच नसतं.

दुसरं कोल्लेरू तळ्याकाठचं, जोनांगी.
तुळतुळीत. कपाळाला आठ्या,
हिशेब न जुळलेल्या कारकुनासारख्या.
बदकं राखतं. जमिनीत खड्डा करून झोपतं.
आणि भुंकत नाही म्हणे;
गळ्यातून एक लांब, वरखाली होणारा सूर काढतं,
तोही मनात आलं तर.

भुंकणारं कुत्रं चावत नाही.
न भुंकणाऱ्याविषयी म्हण गप्प आहे.

सोसायटीचे टेंबुलकर साहजिकच जोनांगीच्या बाजूचे.
निशिकांत टेप घेऊन पॅसेज मोजतो: तीन फूट दोन इंच.
पश्मी आत शिरली तर रिव्हर्समध्येच बाहेर येईल.
रेवा विचारते, चौथ्या मजल्यावर जोनांगी खड्डा कुठं खणेल,
आणि स्वतःच
कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघते.

जाऊ म्हणते, रस्त्यावरचं का नाही?
गेटवर एक आहेच, वॉचमनच्या खुर्चीखाली.
दोनदा वर आणलं, दोनदा जिना उतरून गेलं.
त्याला आमची कीव येत असावी.

रात्री मी वाचत बसते, किती उरलीत.
कुणालाच नक्की ठाऊक नाही.
काळं कुत्रं विचारत नाही, असं माणसांबद्दल म्हणायचो.
एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही,
आणि इतकी थोडी उरलेल्याला नाही म्हणताना
जीभ जड होते.
मेथीची जुडी निवडताना असं होत नाही.

तात्यांना कुणी विचारलंच नव्हतं.
बत्तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
प्रेसशेजारी उभे राहिले, आणि कान तिथंच ठेवून
घड्याळ घेऊन घरी आले.
आता मिक्सर ओट्यावर तळवा टेकून ऐकतात.
दारावरची थाप, दाराला हात लावून.
त्यांच्या लेखी जगातली सगळी कुत्री जोनांगीच.

परवा वहीत लिहून विचारलं: कोणतं आणू?
चष्मा पुसून दोन्ही फोटो पाहिले त्यांनी.
मग मोठ्यांदा, टेंबुलकरांनाही ऐकू जाईल असं म्हणाले,
"यातलं अंगाला लागून कोण बसतं?"

उंची लिहून ठेवली होती आम्ही. वजन, खाणं,
लसी, गाडीभाडं, दिवसाला किती किलोमीटर पळवावं लागेल.
हे नव्हतं.

फोन लावला. बिरादार हसले,
"आमचं तर रेलूनच उभारतंय बघा,
माणसाला भिंतच समजतंय."
कैकलूरच्या वेंकटरत्नमना
माझं हिंदी कळायला वेळ लागला.
मग तेही बराच वेळ गप्प. खोटं बोलावंसं वाटलं नसेल.
म्हणाले, जरा लांब बसतं.
पण नजर हटवत नाही. तुम्ही झोपलात तरी.

आता सांगा.

निशिकांतने काल उदगीरला पैसे पाठवले.
वेंकटरत्नमना मी अजून कळवलेलं नाही.
दुपारी नंबर काढते, ठेवून देते.

खाडीकडच्या खिडकीपाशी तात्यांची खुर्ची असते,
वर्षानुवर्षं भिंतीला चिकटून.
आज पाहिलं, ती हातभर पुढं ओढलेली.
एका बाजूला गोधडीची घडी.
दुसऱ्या बाजूला, जरा लांब,
कढीपत्त्याची कुंडी.

वही उघडून मी काहीतरी विचारणार होते.
पेन सापडलं नाही.