करडी, करडं

चोपड्याच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
डांबरगोळ्यांच्या वासाचं लोखंडी कपाट.
सूर्यफुलाचं कुळ एका खणात मावेना,
म्हणून करडई आणि उटकटारी खाली सरकवली,
काटेवाल्या एकीकडे. हाताला सोयीचं म्हणून.
पुढे कळलं, शास्त्रही तेच म्हणतं.

भंगाळे मॅडम म्हणायच्या, पाकळ्यांवर भुलू नकोस.
पाकळी म्हणतोस ते एक अख्खं फूल आहे,
मधल्या पिवळ्या ठिपक्यात आणखी शंभर बसलीत.
उलटं कर.
खालच्या हिरव्या छदांच्या ओळी मोज.
बीच्या डोक्यावर केस आहेत, खवले आहेत, की टक्कल,
ते बघ. नातं तिथं लपतं.

भिंगाखाली मी किती डोकी पाहिली!
एकदांडीला पिसांचा तुरा,
कारळा साफ टकला,
आणि उटकटारीच्या गोळ्यात
प्रत्येक फुलाला स्वतःचं कुंपण,
आमच्या भावकीसारखं.

सत्रासेनच्या चढावर रेमसिंग पावरा शेळ्या वळायचा.
त्याच्याकडे दोनच कुळं:
शेळी खाते, शेळी खात नाही.
गाजरगवत दुसऱ्यात, न विचारता.
सहदेवीपाशी मात्र तो अडला.
"हिचं काय सांगू? कधी खाते."
मॅडमनी ते वहीत उतरवलं. हसल्या नाहीत.

यंदा नवी यादी आली.
सहदेवी आता व्हर्नोनियात नाही,
सायन्थिलियम नावाच्या प्रजातीत गेली.
जातीचं नाव तेच, राखेच्या रंगाचं,
फक्त नव्या घराला जुळवून शेपूट बदललं,
सिनेरियाचं सिनेरियम.
करडी होती, करडं झालं.

जुनी चिठ्ठी काढायची नसते,
खोडायचीही नसते. शेजारी नवी लावायची, तारखेसह.
जुनीवर मॅडमचं अक्षर:
'लासूर, नाल्याकाठी, ११ डिसेंबर १९८९. फुलं जांभळी.'
फुलं आता चहाच्या डागासारखी.

फैजपूरला फोन लावला. मुलीनं दिला त्यांना,
म्हणाली, नावं राहत नाहीत हो आता.
मी मोठ्यानं सांगितलं, मॅडम, सहदेवी बदलली!
बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग: "बदलू दे.
शेळीचं ठरलं का काही?"

नाही म्हटलं, मॅडम, अजून नाही.
डिंक लावला, चिठ्ठी ठेवली,
कोपरा उचलत होता सारखा.
अंगठ्यानं दाबून बसलो.